हृदयशस्त्रक्रियेनंतर छातीच्या जखमेची राखण

बायपास शस्त्रक्रिया होऊन घरातील वडीलधारी व्यक्ती रुग्णालयातून परतते, तो दिवस सणासारखा असतो. दारात औक्षण होते, गावोगावच्या आप्तांचे फोन येतात, पेढीवरचे मुनीमजी भेटून जातात. हृदयाला रक्ताचे नवे मार्ग मिळाले, मोठे संकट टळले, या भावनेने सारे घर निश्चिंत होते. तिसऱ्या आठवड्यात मग एखाद्या सकाळी बनियनवर रुपयाएवढा पिवळसर, ओलसर डाग दिसतो. रुग्णाला वाटते, घाम असेल. मुलाला सांगावे तर दुकानात सीझनची गर्दी. पत्नीला सांगावे तर ती घाबरेल. बनियन धुवायला टाकले जाते आणि ‘दोन दिवस बघू’ असे ठरते.

हेच दोन दिवस अनेकदा फार महागात पडतात. हृदयशस्त्रक्रियेनंतर छातीच्या जखमेत खोलवर होणारा संसर्ग हा तुलनेने विरळ आहे. शंभर रुग्णांमागे साधारणतः एक ते तीन जणांना तो होतो. परंतु ज्यांना होतो, त्यांना पुन्हा शस्त्रक्रिया, अनेक आठवड्यांचे रुग्णालयातील वास्तव्य आणि प्रसंगी जिवाचा धोका यांना सामोरे जावे लागते. या संसर्गाचा बराच भाग पूर्वतयारीने टाळता येतो. उरलेला वेळीच ओळखल्यास आटोक्यात येतो. तो बहुधा रुग्ण घरी परतल्यानंतर डोके वर काढतो. म्हणूनच जखमेची राखण करण्याची मोठी जबाबदारी घरातील माणसांवर येते.

दुभंगलेले हाड आणि पोलादी तारा

छातीच्या मध्यभागी गळ्यापासून पोटाच्या वरच्या टोकापर्यंत जे चपटे हाड असते, त्याला उरोस्थी म्हणतात. हे हाड उभे कापून छातीत प्रवेश करण्याची पद्धत हर्बर्ट मिल्टन या शल्यविशारदाने १८९७ मध्ये मांडली. पुढे १९५७ मध्ये अमेरिकेतील डॉ. ऑर्मंड ज्युलियन यांनी हृदयशस्त्रक्रियेसाठी तिचा पुरस्कार केला आणि ती जगभर रूढ झाली. भारतात १९७५ साली डॉ. के. एम. चेरियन यांनी चेन्नईतील पेरांबूरच्या रेल्वे रुग्णालयात पहिली यशस्वी बायपास शस्त्रक्रिया केली. तेव्हापासून असंख्य भारतीयांच्या छातीवर ही उभी रेघ उमटली आहे.

हृदयावरील काम संपल्यावर हाडाचे दोन्ही भाग जुळवून स्टेनलेस स्टीलच्या तारांनी आवळले जातात. त्यावर स्नायू आणि त्वचा यांचे थर शिवले जातात. या तारा सामान्यतः कायम शरीरातच राहतात. बाहेरची त्वचा दोन-तीन आठवड्यांत सांधलेली दिसते. त्यामुळे जखम भरली असा समज होतो. आतील हाड मात्र सहा ते आठ आठवड्यांत जेमतेम धरते आणि पुरते मजबूत होण्यास सुमारे तीन महिने लागतात. हाताचे हाड मोडले तर प्लॅस्टर घालून ते स्थिर ठेवता येते. छातीला ती सोय नाही. प्रत्येक श्वासागणिक आणि खोकल्यागणिक ती हलत असते. तारांवर वारंवार अवाजवी ताण आला, तर त्या हाडाला कापू लागतात, फट पडते आणि त्या फटीतून जंतूंना आत वाट मिळते.

आणखी एक बाब ध्यानात घ्यावी. उरोस्थीला रक्तपुरवठा करणाऱ्या दोन रक्तवाहिन्या छातीच्या आतील बाजूने, डावीकडून व उजवीकडून उतरतात. बायपाससाठी बहुधा त्यांतील डावी वापरली जाते, कारण ती पायाच्या शिरेपेक्षा दीर्घकाळ टिकते. हृदयाला त्याचा लाभ होतो, परंतु हाडाचा रक्तपुरवठा काहीसा घटतो. मधुमेह, स्थूलपणा, तंबाखू, फुप्फुसांचा जुना विकार किंवा मूत्रपिंडाचा आजार यांची त्यात भर पडली, तर जखम भरण्याची गती आणखी मंदावते.

शस्त्रक्रियेपूर्वीच सुरू होणारी काळजी

शस्त्रक्रिया तातडीची नसेल, तर हाती असलेले आठवडे मोलाचे असतात. पहिली गोष्ट तंबाखूची. सिगारेट, विडी, गुटखा, मावा, मशेरी या सर्वांतील निकोटीन सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचित करते आणि जखमेकडे जाणारा प्राणवायू कमी पडतो. शस्त्रक्रियेपूर्वी किमान चार आठवडे तंबाखू सोडल्यास गुंतागुंत घटते, असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे. दिवसभर गल्ल्यावर बसून सुपारीसोबत चिमूटभर तंबाखू तोंडात टाकणाऱ्यांनी ती क्षुल्लक मानू नये आणि डॉक्टरांपासून लपवू नये.

दुसरी गोष्ट स्वच्छतेची. शस्त्रक्रियेपूर्वी स्नान करावे. छातीवरील केस वस्तऱ्याने काढू नयेत, कारण वस्तऱ्याचे सूक्ष्म ओरखडे जंतूंना आश्रय देतात. आवश्यक असल्यास रुग्णालयात यंत्राने केस आखूड करतात. अनेकांच्या नाकपुड्यांत ‘स्टॅफिलोकॉकस ऑरिअस’ नावाचा जंतू कोणताही त्रास न देता वास करीत असतो. नेदरलँड्समधील डॉक्टरांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, असा जंतू आढळलेल्या रुग्णांना नाकात लावायचे मलम व जंतुनाशक साबण दिल्यावर या जंतूमुळे होणाऱ्या संसर्गाचे प्रमाण ७.७ टक्क्यांवरून ३.४ टक्क्यांवर आले. ‘नाकातील जंतूची तपासणी किंवा मलम आमच्या रुग्णासाठी आवश्यक आहे काय?’ हा प्रश्न शल्यविशारदांना विचारण्यात कोणताही संकोच बाळगू नये. अंगावर कोठे गळू, फोड किंवा दातांत पू असल्यास तेही आधीच सांगावे.

साखरेची नोंदवही

व्यापारी घरांत मधुमेह जणू वारशाने चालत आल्यासारखा आढळतो. वाढलेली साखर पांढऱ्या पेशींची जंतूंशी लढण्याची शक्ती क्षीण करते. अमेरिकेतील ऑरेगन राज्यात पोर्टलंड येथे डॉ. अँथनी फर्नरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ ते १९९७ या काळातील २,४६७ मधुमेही हृदयरुग्णांच्या नोंदी अभ्यासल्या. पूर्वीच्या पद्धतीने अधूनमधून त्वचेखाली इन्सुलिन टोचलेल्या रुग्णांत खोल संसर्गाचे प्रमाण २ टक्के होते. शिरेतून सातत्याने इन्सुलिन देऊन साखर काटेकोर राखलेल्या रुग्णांत ते ०.८ टक्के झाले. १९९९ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. आज शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दिवसांत साखर १८० मिलिग्रॅमच्या आत ठेवण्याचा प्रयत्न सर्वत्र केला जातो.

रुग्णालयात ही दक्षता परिचारिका घेतात. घरी आल्यावर ती सैल पडते. भेटीस येणारे पेढे-बर्फी आणतात, ‘आता तर ऑपरेशन झाले, थोडे गोड चालेल’ असा आग्रह होतो. ज्या घरात रोजचा रोजमेळ लिहिल्याशिवाय कोणी झोपत नाही, त्या घरात ग्लुकोमीटरचा आकडा, त्या वेळी घेतलेले अन्न आणि इन्सुलिनची मात्रा यांची नोंद ठेवणे अवघड नसावे. एरवी स्थिर असणारी साखर काही कारण नसताना वाढू लागली, तर शरीरात कोठे तरी संसर्ग सुरू झाल्याची ती पहिली खूण असू शकते. असा आकडा तत्काळ डॉक्टरांना कळवावा.

आहार, व्रत आणि औषधे

जखम भरून येण्यास प्रथिने लागतात. शस्त्रक्रियेनंतर शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असा आहारतज्ज्ञांचा सर्वसाधारण सल्ला असतो. साठ किलो वजनाच्या व्यक्तीसाठी ही गरज सुमारे ७२ ते ९० ग्रॅम होते. शाकाहारातून ती भागते, मात्र नियोजन हवे. शंभर ग्रॅम कोरड्या मुगाच्या डाळीत सुमारे २४ ग्रॅम, शंभर ग्रॅम पनीरमध्ये सुमारे १८ ग्रॅम आणि पेलाभर दुधात सहा-सात ग्रॅम प्रथिने असतात. मुगाचे धिरडे, घट्ट वरण, दही, ताजे पनीर, सोयाबीनचे पीठ मिसळलेली पोळी यांचा दिवसभरात आलटून पालटून समावेश करावा. केवळ साबुदाण्याची खीर, मऊ भात आणि फळांचा रस हे ‘आजाऱ्याचे जेवण’ जखमेला उपाशी ठेवते. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे. डबाबंद प्रथिनांची पावडर घेताना हिरवे चिन्ह पाहावे आणि घटकांची यादी वाचावी.

येथे व्रतनियमांचा प्रश्न येतो. रात्रिभोजनत्याग किंवा चौविहार पाळणाऱ्या रुग्णाने ही गोष्ट शस्त्रक्रियेपूर्वीच डॉक्टरांना सांगावी. सूर्यास्तापूर्वी जेवण आणि त्यानंतर सकाळपर्यंत काहीही नाही, असा क्रम असताना इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या नेहमीच्या मात्रेत घेतल्यास पहाटेच्या सुमारास साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. डॉक्टरांना वेळा ठाऊक असतील, तर ते मात्रा आणि गोळ्यांची वेळ बदलून देतात. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे होणे ही साखर उतरल्याची लक्षणे दिसताच, घड्याळात कितीही वाजले असले तरी साखर द्यावी. तो प्रसंग जीवरक्षणाचा असतो. पच्चक्खाणाच्या परंपरेतच आजारपणासाठी आगार ठेवलेले आहेत. आयंबील, एकासणे किंवा उपवास या तीन महिन्यांत करावे काय, याविषयी साधु-साध्वीजींचे मार्गदर्शन घेताना डॉक्टरांचे म्हणणेही त्यांच्यासमोर ठेवावे. तप पुढील वर्षीही करता येईल. जखम मात्र आजच भरायची आहे.

काही प्रतिजैविके जिलेटिनच्या कॅप्सूलमध्ये येतात. जिलेटिन प्राणिजन्य असल्याने काही घरांत ती परस्पर बंद केली जातात. असे करू नये. तेच औषध गोळीच्या रूपात मिळते काय, हे डॉक्टर वा औषधविक्रेत्याला विचारावे. पर्याय मिळेपर्यंत औषध खंडित करू नये.

शटर, गादी आणि गोणी

हाड जुळेपर्यंत छातीच्या दोन्ही बाजूंवर असमान ताण येऊ नये, हे सूत्र आहे. दुकानाचे शटर एका हाताने खाली ओढणे, कापडाचा तागा फळीवरून उतरवणे, धान्याची गोणी सरकवणे, स्कूटर स्टँडवर चढवणे या क्रिया त्यामुळे वर्ज्य ठरतात. साधारणतः चार-पाच किलोंपेक्षा अधिक वजन उचलू नये. नातवंडाला कडेवर घेण्याचा मोहही आवरावा. त्याला मांडीवर कोणीतरी बसवून द्यावे. दुचाकी व मोटार चालवणे डॉक्टरांच्या परवानगीनंतरच सुरू करावे. मोटारीत मागील आसनावर बसावे आणि सीट बेल्ट टाळण्याऐवजी छाती व पट्टा यांच्यामध्ये घडी केलेला टॉवेल ठेवावा.

गादीवर किंवा जमिनीवर बसण्याची सवय असलेल्यांना उठताना दोन्ही हातांवर शरीराचा भार टाकावा लागतो. हा भार थेट उरोस्थीवर येतो. तीन महिने पेढीवर, मंदिरात आणि सामायिकासाठी खुर्ची वापरावी. खमासमण, पंचांग प्रणाम मनोमन करावेत. अंथरुणातून उठताना आधी कुशीवर वळावे, पाय खाली सोडावेत आणि मग धड वर आणावे. रुग्णाला उठवताना मुले प्रेमाने त्याचे हात धरून ओढतात किंवा काखेत हात घालून वर उचलतात. ही फार मोठी चूक आहे. पाठीमागे, खांद्यांच्या मधोमध हात ठेवून आधार द्यावा.

याचा अर्थ रुग्णाने निश्चल पडून राहावे असा मात्र नाही. अतिभीतीने हात न हलवल्यास खांदे आखडतात आणि फुप्फुसांत कफ साचतो. अमेरिकेतील डॅलस येथील तज्ज्ञांनी यासाठी सोपी कल्पना सुचविली आहे. छातीभोवती एक नळी आहे असे समजावे आणि कोपरे त्या नळीच्या आत, म्हणजे बरगड्यांलगत ठेवून हालचाली कराव्यात. कोपर शरीराजवळ असेल, तर छातीवरचा ताण घटतो आणि रोजची कामेही करता येतात. सकाळ-संध्याकाळ चालणे, तीन चेंडूंच्या यंत्रावर श्वासाचा व्यायाम करणे चालू ठेवावे. खोकला किंवा शिंक येताना उशी वा घडी केलेला टॉवेल दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरावा. बद्धकोष्ठता होऊ देऊ नये. कुंथण्याने छातीवर ताण पडतो. या काळात कमोडचा वापर करावा.

जखमेची निगा आणि स्त्रियांचा संकोच

जखमेला हात लावण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर रोज कोमट पाणी व सौम्य साबणाने स्नान करावे, जखम चोळू नये, स्वच्छ पंचाने टिपून कोरडी करावी. हळद, तूप, अंगारा, कोणी सुचविलेले मलम किंवा पावडर लावू नये. सुती, रोज धुतलेले कपडे वापरावेत. पायातील शीर काढली असल्यास त्या पायाच्या जखमेकडेही तितकेच लक्ष द्यावे आणि बसताना पाय उंचावर ठेवावा. भेटीस येणाऱ्यांनी थोडाच वेळ थांबावे. सर्दी-खोकला असणाऱ्यांनी फोनवरूनच विचारपूस करावी.

स्त्री रुग्णांच्या बाबतीत एक विषय घरात आणि दवाखान्यातही दबक्या आवाजात बोलला जातो. स्तनांचे वजन दोन्ही बाजूंना ओढ देते, त्यामुळे जखमेच्या कडा विलग होण्याचा धोका वाढतो. स्तनांखालच्या घडीत घाम साचून त्वचा ओली राहते. पुढून उघडणारी, तार नसलेली, मऊ पण चांगला आधार देणारी अंतर्वस्त्रे शस्त्रक्रियेनंतर लवकरात लवकर वापरल्यास वेदना आणि ताण दोन्ही कमी होतात. घरातील सून, मुलगी किंवा बहीण यांनी हा विषय परिचारिकेकडे मोकळेपणाने काढावा आणि रोज एकदा जखम स्वतः पाहावी. लाजेखातर न पाहिलेली जखम बिघडत जाते आणि कोणाला कळतही नाही.

त्याच दिवशी सांगण्याच्या गोष्टी

पुढीलपैकी एकही चिन्ह दिसल्यास ज्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली, तेथे त्याच दिवशी संपर्क साधावा : जखमेतून पू किंवा पाणीदार, लालसर, पिवळसर स्राव येणे, कडा उघडणे, लाली व उष्णता पसरत जाणे, कमी होत आलेली वेदना पुन्हा वाढणे, १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक ताप, थंडी वाजणे. कुशीवर वळताना वा खोकताना छातीत ‘कट्’ असा आवाज किंवा हाड हलल्याची जाणीव होणे. अकारण वाढलेली साखर. आणि नेमके सांगता येत नाही, पण बरे वाटत नाही अशी अवस्था. दम लागणे, ग्लानी किंवा तीव्र छातीदुखी असल्यास फोनची वाट न पाहता थेट तातडीच्या विभागात न्यावे.

गल्लीतील औषधांच्या दुकानातून पूर्वीच्या चिठ्ठीवर प्रतिजैविक आणून सुरू करू नये. त्याने वरवरची लक्षणे दबतात आणि जंतू कोणता, हे तपासणीत कळणे कठीण होते. रोज एकाच वेळी, एकाच प्रकाशात जखमेचे मोबाइलवर छायाचित्र घेऊन ठेवल्यास कालच्या आणि आजच्या स्थितीतील फरक डॉक्टरांना दाखवता येतो. आरोग्यविमा असल्यास रुग्णालय सोडल्यानंतरच्या ६० किंवा ९० दिवसांचा खर्च अनेक पॉलिसींत समाविष्ट असतो. ड्रेसिंग व तपासण्यांच्या पावत्या जपून ठेवाव्यात. खर्चाच्या विचाराने तपासणी पुढे ढकलण्याचे एक कारण त्यामुळे तरी उरत नाही.

संसर्ग वरवरचा असताना कळला, तर बहुतेकदा जखमेची स्वच्छता, ड्रेसिंग आणि नेमके प्रतिजैविक यांवर काम भागते. तो हाडापर्यंत गेला, तर छाती पुन्हा उघडून मृत ऊती काढाव्या लागतात, निर्वात दाबाचे ड्रेसिंग लावावे लागते आणि कधी छातीचा स्नायू वळवून ती पोकळी भरावी लागते. या उपचारांनीही रुग्ण बरे होतात. परंतु त्या दोन टप्प्यांमध्ये अनेकदा केवळ काही दिवसांचे अंतर असते.

म्हणून रुग्णालयातून निघतानाच घरात एक गोष्ट ठरवावी. रुग्णाने काहीही लपवायचे नाही आणि त्याने सांगितल्यावर कोणी वैतागायचे नाही. मुलाने दुकानात निघण्यापूर्वी दोन मिनिटे वडिलांजवळ बसून सदऱ्याची बटणे काढावीत, जखम पाहावी, साखरेचा आकडा लिहावा. बनियनवरचा तो रुपयाएवढा डाग मग धुण्यात जाणार नाही. तो त्याच सकाळी डॉक्टरांच्या नजरेस पडेल.